मोटर नवी, मिस्त्री तोच

'ई' लागलं की कुठलीही गोष्ट एकदम कूल होऊन जाते. पत्राचं ई-मेल झालं, तिकिटाचं ई-तिकीट झालं आणि दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी दामटलेली बिचारी सायकल 'ई-सायकल' होऊन थेट जिमच्या पार्किंगमध्ये जाऊन बसली. प्रत्येक ऑफिसात असा एकजण असतोच. सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये भेटतो आणि कुणी न विचारता सांगतो, "मी आता ई-सायकलवर येतो, यार! नो पेट्रोल, नो ट्रॅफिक, नो घाम." आपण तोंडानं 'सही!' म्हणतो आणि मनात ईएमआयचा हिशेब सुरू करतो.

सहा महिन्यांनी तोच हिरो कॅबमधून उतरताना दिसतो. सायकलचं काय झालं? "अरे, मागून कसलातरी कटकट आवाज येतोय. सर्व्हिस सेंटरवाले दोन आठवड्यांनंतरची डेट देतायत. आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणतो, हात लावणार नाही."

म्हणून या वेळचा कॉलम रंग, लूक आणि डिस्प्लेबद्दल नाही. तो आहे ई-सायकलच्या सांगाड्याबद्दल आणि तिला पळवणाऱ्या यंत्रणेबद्दल. आणि ती समजून घ्यायला आपण कुठल्या चकाचक शोरूममध्ये जायचं नाहीये. आपण जायचंय हिंगोलीला!

हिंगोलीच का, बॉस?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. औंढ्याचा नागनाथ, नर्सीचे संत नामदेव, वसमतची हळद (तिला २०२४ मध्ये जीआय टॅगही मिळाला) ही त्याची ओळख. माझ्यासाठी ते आजोळ आहे. आणि जिथे ई-सायकलचं सर्व्हिस सेंटर हाकेच्या अंतरावर नसतं, तिथेच खरं कळतं की या मशीनमध्ये काय टिकतं आणि काय नाही.

मामा रिटायर्ड शिक्षक. वय ६७. घरापासून सात किलोमीटरवर शेत, सोयाबीन आणि हळद. चाळीस वर्षं ते काळ्या, दणकट, दांडीवाल्या सायकलवर शेतात गेले. मोटरसायकल शिकले नाहीत, शिकायचीही नाही. मागच्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला. चढावर उतरून सायकल हातात धरून चालायची वेळ आली. पुण्याहून मामेभावाचा रोज फोन, "बाबा, शेत बटईनं देऊन टाका ना." मामींचंही तेच. मामा मात्र एकच वाक्य बोलले, "शेतात जायला मला कुणाच्या गाडीची वाट बघायची पाळी येऊ नये, एवढंच बघा."

म्हणजे प्रश्न गॅजेटचा नव्हताच. सकाळी सहाला कुणालाही न विचारता घराबाहेर पडता येणं, याचा होता.

ठरलं! किट मागवायचं आणि साध्या सायकलची ई-सायकल करायची. किटमध्ये काय येतं? मागच्या चाकाच्या मधोमध बसणारी हब मोटर, तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर, बॅटरी, चार्जर, पायडल फिरतंय की नाही हे ओळखणारा सेन्सर, थ्रॉटल आणि दाबल्याबरोबर मोटर बंद करणारे ब्रेक-लिव्हर. हे सगळं घेऊन आम्ही गेलो मामांच्या तीस वर्षांच्या जुन्या मिस्त्रींकडे. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणतो. मी त्यांना चाचा म्हणते, ते मला ताई आणि मामांना गुरुजी.

३६ भोकं, ४० भोकं

पहिला धक्का पाच मिनिटांत. चाचांनी मोटर हातात घेतली, कडेची भोकं मोजली आणि मान हलवली. "गुरुजी, जमत नाही. हिला ३६ भोकं. तुमच्या मागच्या रिमला ४०."

जुन्या काळ्या सायकलींचा हा खानदानी हिशेब आहे. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. (स्पोक हा आपला शब्द; बाजारात त्या 'तारा'च.) मोटरचे हब मात्र बहुतेक ३६ भोकांचे. शिवाय त्या सायकलचं चाक २८ बाय दीड इंची आणि ब्रेक दांड्यांचे, रिमला आतल्या बाजूने दाबणारे. पावसात ते कसे लागतात, हे ज्यांनी चालवलीय त्यांना विचारा!

गंमत बघा. याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. आणि आमचं घोडं अडलं होतं चार भोकांवर!

मामांचा जीव जुन्या सायकलीत. पण चाचा ठाम. "गुरुजी, मोटर लावली की सायकल पळणार. पळणाऱ्या गाडीला आधी थांबवायची सोय." शेवटी मामांनीच निकाल दिला. जुनी सायकल घरी राहील, मोटर दुसरीला. चाचांच्या दुकानातच एक २६ इंची, लोखंडी फ्रेमची सेकंडहँड सायकल होती. दोन्ही चाकांना ३६ तारा आणि रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे व्ही-ब्रेक.

इथला पहिला फंडा लक्षात ठेवा. किट निवडण्याआधी सायकल निवडा. फ्रेम पोलादी असेल तर उत्तम. कारण मोटरच्या हबची रुंदी असते साधारण १३५ मिलिमीटर आणि साध्या सायकलच्या मागच्या दोन पायांमधलं अंतर त्याहून कमी. पोलादी फ्रेम हळूहळू थोडी फाकवता येते. ॲल्युमिनियमची फ्रेम अशी फाकवायची नाही, तडा जातो. चाचांनी फ्रेम फाकवली आणि मग एक सुतळी घेतली. मागच्या एका खाचेतून निघून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत. मग सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर पट्टीने मोजलं. सारखं आलं, म्हणजे फ्रेम सरळ. कुठलं लेझर नाही, ॲप नाही. सुतळी!

साडेतीनशे किलोचा हिशेब

आता या कॉलममधला सगळ्यात महत्त्वाचा पॅरा. व्हॉट्सॲप बाजूला ठेवून वाचा.

साध्या सायकलीत मागचा ॲक्सल फक्त चाकाला धरून ठेवतो. हब मोटरमध्ये तो मोटरचा खांब असतो. मोटर चाकाला पुढे ढकलते, तेव्हा ॲक्सल तेवढ्याच जोराने उलटा फिरायला बघतो. न्यूटनचा तिसरा नियम, शाळेतलाच. त्याला रोखायला ॲक्सलच्या दोन बाजू सपाट घासलेल्या असतात आणि त्या फ्रेमच्या खाचेत बसतात.

या सपाट भागाची रुंदी साधारण १० मिलिमीटर. मोटर ३५ न्यूटन-मीटर टॉर्क देते असं धरा. ३५ ला ०.०१ ने भागा. आले ३५०० न्यूटन. म्हणजे खाचेच्या कडांवर जवळपास साडेतीनशे किलोचा दाब! तोही प्रत्येक चढावर, प्रत्येक झटक्याला. पातळ पत्र्याची खाच हळूहळू रुंदावते, नट सैल होतो आणि एक दिवस ॲक्सल फिरतो. फिरताना आपल्याभोवती मोटरची वायर गुंडाळून तोडतो. चाक निसटलं तर पुढे काय, ते सांगायला नको.

उपाय साधा आहे, टॉर्क आर्म. पोलादाची जाड पट्टी, एका टोकाला ॲक्सलच्या मापाचं सपाट भोक, दुसरं टोक फ्रेमच्या नळीला घट्ट आवळलेलं. ही पट्टी १० सेंटिमीटर लांब असेल, तर तोच जोर फ्रेमवर पडताना ३५ किलोच्या आसपास येतो. दहापट कमी!

आमच्या किटमध्ये ही पट्टी नव्हती. माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नव्हता. आणि गंमत म्हणजे चाचांनी ई-सायकल आयुष्यात पहिल्यांदा उघडली होती. त्यांनी ॲक्सल खाचेत बसवून पाहिला, पान्याने थोडा हलवून बघितला आणि विचारलं, "ताई, ही मोटर एवढी ताकद लावणार. मग तिला धरणारं कोण?"

इंजिनीअरिंगची चार वर्षं एका प्रश्नात! शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा टॉर्क आर्म करून घेतला. मामी तोवर दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. "पडले-बिडले म्हंजी?" एवढंच त्यांचं पालुपद. चाचांनी पट्टी आवळली, नटावर पान्याने जोर लावला आणि नट-फ्रेमवर रंगाची एक आडवी रेघ ओढली. "वहिनी, रोज सकाळी ही रेघ बघायची. रेघ तुटलेली दिसली तर गुरुजींना जाऊ द्यायचं नाही." तेव्हापासून मामींकडे ब्रेकच्याही आधीचा ब्रेक आहे.

चेन, तारा आणि काळी माती

'मिड-ड्राइव्ह का नाही घेतलं?' तुमच्यातला एखादा टेक्नो-गुरू विचारेलच. मिड-ड्राइव्हमध्ये मोटर पायडलपाशी बसते आणि तिचा सगळा जोर चेनमधून जातो. गिअरवाल्या सायकलीला घाटात ते भारी पडतं, पण चेन आणि फ्रीव्हील लवकर झिजतात. हब मोटर चाकाला थेट फिरवते. चेनवर फक्त तुमच्या पायांचा भार. रस्ता साधा, सायकल बिनगिअरची आणि चालवणारा ६७ वर्षांचा, तर हब मोटर बेस्ट.

पण हब मोटरचा भार तारांवर येतो. मोटरचा घेर मोठा, त्यामुळे तारा आखूड आणि ताणलेल्या. नव्या भरलेल्या तारा पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये बसतात आणि सैल पडतात. तुमच्या ऑफिसातल्या हिरोचा तो 'कटकट' आवाज आठवतोय? बऱ्याचदा तो मोटरचा नसतोच, सैल तारांचा असतो. प्रत्येक तार बोटाने छेडून बघा. एका बाजूच्या तारांचा सूर साधारण एकसारखा आला पाहिजे. एखादी 'थड' वाजली तर मिस्त्रीकडे जा आणि चाकाचा आउट काढून घ्या. हे काम कुठलाही चांगला सायकल मिस्त्री डोळे मिटून करतो.

चेनचं माप घरीही घेता येतं. स्टीलची पट्टी घ्या. चेनच्या एका पिनेपासून २४ भाग पुढची पिन मोजा. नवी चेन बरोबर १२ इंच भरते. एक-अष्टमांश इंच वाढली असेल, तर चेन गेली. आणि बहुधा फ्रीव्हीलचे दातही सोबत घेऊन गेली. एक-सोळांश इंचालाच बदललीत तर फ्रीव्हील वाचतं. साफ करायला जुना टूथब्रश आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल, मग कोरडं फडकं, मग प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल, वरचं तेल पुसून टाकायचं. ग्रीस थापू नका, त्यावर धूळ बसते आणि चेनची कानस होते.

मराठवाड्याचा स्पेशल व्हिलन म्हणजे काळी माती. पहिल्या पावसानंतर शेतरस्त्यावर गेलात की टायर आणि मडगार्डच्या मध्ये ती अशी ठासते की चाकच फिरत नाही. साध्या सायकलीत आपण थांबतो. मोटर मात्र अडलेलं चाक फिरवायचा हट्ट धरते आणि तापते. म्हणून मडगार्ड आणि टायरमध्ये दोन बोटांची जागा ठेवली. आणि मामांना नियम, चाक अडलं की थ्रॉटल नाही, काडी घ्यायची! धुताना मग्ग्याने पाणी आणि फडकं. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाइप मोटर, कंट्रोलर आणि कनेक्टरवर चुकूनही नको. वायरी बसवताना त्या कनेक्टरच्या खाली झोळीसारख्या सोडायच्या. पाणी तिथून ठिबकतं, आत शिरत नाही.

आणि पंक्चर? टेन्शन नॉट! आपले पंक्चरवाले नाही तरी चाक न काढताच एका बाजूने ट्यूब ओढून काढतात. हब मोटरलाही तीच पद्धत चालते. फक्त टायरच बदलायचा असेल तर चाक उघडावं लागतं. तेव्हा आधी मोटरचा कनेक्टर सोडा आणि परत बसवताना टॉर्क आर्म विसरू नका.

बॅटरीचा अभ्यास

३६ व्होल्ट, १० ॲम्पिअर-अवर. दोन्हींचा गुणाकार ३६० वॅट-अवर. पायडल मारत चालवलं तर किलोमीटरला १० ते १५ वॅट-अवर लागतात. म्हणजे २४ ते ३६ किलोमीटर. जाहिरातीत याच बॅटरीला याहून कितीतरी जास्त रेंज दिसली तर हा गुणाकार आठवा. मामांचं रोजचं जाणं-येणं १४ किलोमीटर, त्यामुळे एक दिवसाआड चार्जिंग. एका चार्जला अर्धा युनिटही वीज लागत नाही.

अशी बॅटरी साधारण पाचशे ते आठशे पूर्ण चार्ज-डिस्चार्जनंतर दमायला लागते. मामांच्या हिशेबाने तीनेक वर्षं. म्हणजे तीन वर्षांनी मोठा खर्च आहे, हे आजच धरून चालायचं. किटमधली सगळ्यात महाग वस्तू तीच असते, म्हणून तिचे लाड. उन्हात तापलेली बॅटरी आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, तासभर थंड होऊ द्यायची. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवायची नाही. महिनाभर वापरायची नसेल तर अर्धी भरून ठेवायची. चार्जिंग जागेपणी, गादी-पडद्यांपासून लांब आणि घराच्या एकुलत्या एक दाराच्या वाटेत तर नाहीच. चार्जर हरवला तर 'पिन बसते ना' म्हणून दुसरा लावू नका. ३६ व्होल्टची नेहमीची लिथियम-आयन बॅटरी ४२ व्होल्टला पूर्ण भरते, लिथियम-फॉस्फेटवाली वेगळ्या व्होल्टेजला. चुकीचा चार्जर म्हणजे आगीला आमंत्रण.

आयडिया जुनीच आहे!

हब मोटरची सायकल ही काही कालपरवाची गोष्ट नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांनी मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलचं पेटंट मिळवलं ३१ डिसेंबर १८९५ रोजी! पायडलला मोटरची साथ देणारी यामाहाची 'पास' सायकल जपानच्या बाजारात आली १९९३ मध्ये. आणि आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलरिक्षावर काम केलं. सुधारित पायडल रिक्षा, मोटरची मदत मिळणारी रिक्षा आणि पूर्ण विजेवरची 'इलेक्शा', असे तीन प्रकार. 'करंट सायन्स' या नियतकालिकात २००२ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथेही सुरुवात मोटरपासून नव्हती, पायडल मारून थकणाऱ्या माणसापासून होती.

तर मंडळी, तुमच्यासाठी

एक, कायदा. सलग अर्धा तास देता येणारी मोटरची ताकद २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अशा सायकलला रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स लागत नाही. चांगले ब्रेक आणि रिफ्लेक्टर मात्र हवेतच. 'हजार वॅटचं किट लावतो, कोण बघतंय' असं म्हणणाऱ्या मित्राला सांगा, अपघात झाल्यावर सगळे बघतात.

दोन, रोजची तीस सेकंदं. नटावरची रेघ, टायरची हवा आणि ब्रेक. स्टँडवर लावून मागचं चाक उचला, मोटर चालू करा, ब्रेक-लिव्हर दाबा. मोटर त्या क्षणी थांबली पाहिजे.

तीन, खरेदीच्या आधी सेल्समनला रेंज विचारू नका. तीन प्रश्न विचारा. टॉर्क आर्म आहे का? तारा, टायर, ब्रेक बाजारात मिळणाऱ्या मापाचे आहेत का? तीन वर्षांनी बॅटरी कोण देणार? उत्तरं आली नाहीत तर चकचकीत रंगाला टाटा करा.

चार, कोपऱ्यावरच्या मिस्त्रींशी ओळख वाढवा. ई-सायकलमधला निम्म्याहून जास्त भाग अजून सायकलच आहे. चाचांनी दीड दिवसाच्या कामाचे मागितले पाचशे रुपये. मामांनी जास्त दिले, तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, शिकायला मिळालं त्याचे तुम्ही घेत नाही, मग मी कसे घेऊ?" गेल्या महिन्यात त्यांच्याकडे आणखी दोन किट आली, एक दूधवाल्याचं, एक कॉलेजच्या मुलाचं. दोन्हींना सहा मिलिमीटरची पट्टी बसली. आता वेल्डिंगवाला म्हणतोय, एकदमच डझनभर कापून ठेवतो.

आणि मामा? सकाळी सहाला निघतात. चढावर मोटर, सपाटीवर पाय. मामेभावानं फोनवर स्पीड विचारला, तर म्हणाले, "मी काय रेस लावायलो का? हळदीला पाणी द्यायचंय."